तारकर्लीत होमस्टे टाकताय? आधी विहिरीत डोकावा

धंतोलीच्या आपल्या बॅचमधल्या एका ताईंनी विचारलं, "सर, मालवणजवळ तारकर्लीला चार खोल्यांचा होमस्टे चालवायला घेऊ का?" सोनं मोडून टोकन द्यायला निघाल्या होत्या. भाडं, जेवण, कमिशन, सगळा हिशोब वहीत. पाण्याची ओळच नाही! आपल्याला पेंचचं पाणी नळाला येतं ना, सुचणार कसं?

कोकणात पाऊस नागपूरच्या जवळपास तिप्पट. पण जांभा दगड पाणी धरत नाही. ते झिरपून समुद्राला मिळतं. विहिरी तळ गाठतात मे महिन्यात, आणि पर्यटकांची गर्दीही तेव्हाच. आठ पाहुणे, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोज १,०८० लिटर. चादरी-टॉवेलचं धुणं वेगळं.

खरी गोची पुढे आहे. किनाऱ्यावर जमिनीखालचं गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. गोड्याची पातळी एक फूट उतरली, की खालचं खारं साधारण ४० फूट वर सरकू शकतं. पंप तुमचा, पण शेजाऱ्याची विहीरही खारट!

मी म्हटलं, "मे महिन्यात जा, पाणी चाखा, टँकर कितीला पडतो ते गावात विचारा. टोकन नंतर." ताईंनी तिथेच तिकीट काढलं.