हॉटेलच्या खोलींतील अभ्यंग

पेण आणि रोहें येथील मंडळींस मुंबई परकी अशी कधींच वाटली नाहीं. धरमतरच्या खाडींतून आगबोटी मुंबईस जात त्या काळापासून तों आज रोह्याहून सुटणाऱ्या आगगाडीपर्यंत या दोन गांवांतील कुटुंबांचें मुंबईस जाणें-येणें अखंड चालूं आहे. फरक पडला आहे तो मुक्कामाच्या जागेंत. पूर्वीं गिरगांवांत किंवा दादरास कोणी ना कोणी आप्त असे, आणि त्याच्या दोन खोल्यांत आणखी चार माणसें सहज मावत. ज्यांस तशी सोय नसे ते सरदारगृहासारख्या ठिकाणीं उतरत. लोकमान्य टिळकांनीं १ ऑगस्ट १९२० रोजीं देह ठेवला तो याच सरदारगृहांत, हें वाचकांस ठाऊक आहेच. आतां आप्त आहेत, त्यांचीं घरेंही आहेत. परंतु दोघेही नोकरीस जाणाऱ्या जोडप्याच्या घरीं आठ दिवस पाय पसरून राहणें वडील माणसांसच प्रशस्त वाटत नाहीं. शस्त्रक्रियेसाठीं, लग्नकार्यासाठीं, अमेरिकेच्या व्हिसासाठीं, किंवा तेथील लेकाकडून परत आल्यावर एक रात्र विसांवा घेऊन सकाळीं गांवीं निघावें म्हणून, आमच्याकडील पुष्कळ मंडळी हल्लीं हॉटेलांत उतरतात.

अशा खोलीच्या मेजावर एक माहितीपत्र ठेवलेलें असतें. चहा, जेवण, कपडे धुणें यांच्या दरांखालीं पुष्कळदां एक ओळ आढळते: खोलींत मालिश करून मिळेल. ती वाचून आमच्या परिचयाच्या अनेक वडीलधाऱ्यांनीं आम्हांस विचारलें आहे, "गुरुजी, हें आपल्यासारख्यांनीं करून घ्यावें काय?" विचारणाऱ्याच्या स्वरांत थोडा संकोच असतो. मालिश म्हटली कीं कांहींतरी आडपडद्याची गोष्ट, अशी जी समजूत शहरांतील कांहीं दुकानांच्या लौकिकामुळें पसरली आहे, तिचा तो संकोच होय.

आमचें उत्तर असें कीं, अवश्य करून घ्यावें; मात्र घरीं जें ओळखीनें आपोआप साधत होतें, तें परक्या ठिकाणीं विचारून साधून घ्यावें लागतें.

अंगास तेल चोळणाऱ्यास घरीं बोलावणें ही आमच्या घरांतील जुनीच चाल आहे. बाळंतिणीला आणि बाळाला सव्वा महिना तेल लावण्यास येणारी बाई कोणाच्या घरीं आली नाहीं? पहांटे चूल पेटली कीं ती येई. पाटावर बसून, पायांवर बाळास उताणें-पालथें घेऊन तें चोळी आणि नंतर बाळंतिणीची कंबर धरी. ती कोणाची कोण, तिचा हात कसा, मागील वर्षीं कोणाच्या सुनेला तिनें लावलें, हें सर्व आजीला तोंडपाठ असे. तिला द्यावयाचें काय तेंही ठरलेलें: रोख पैसे, लुगडें, नारळ. घासाघीस नाहीं, संशय नाहीं. आणि माजघराचें दार लोटलेलें असलें तरी बाहेर दहा माणसांचा वावर. दिवाळींत नरकचतुर्दशीस घरचीच माणसें एकमेकांस तेल लावीत, तेथें तर प्रश्नच नव्हता.

शास्त्रकारांनींही या गोष्टीस दिनचर्येंतच स्थान दिलें आहे. घडा, चामडें आणि गाडीचा आंस हीं तेल मुरल्यानें जशीं टिकाऊ होतात तसें शरीर अभ्यंगानें होतें, असें चरकसंहितेंत म्हटलें आहे. वाग्भटानें तर रोज अभ्यंग करावा, आणि मस्तक, कान व पाय यांवर विशेष, असें सांगून अजीर्ण झालेल्यानें व कफग्रस्तानें तो करूं नये हेंही बजावलें. ही निषेधाची बाजू आम्ही मुद्दाम लक्षांत आणून देतों, कारण पुढें तिचें काम पडणार आहे.

मर्दनाची ही विद्या येथून परदेशींही गेली. पाटण्याकडील शेख दीन महंमद नांवाच्या गृहस्थानें इंग्लंडांत ब्रायटन येथें मालिशीचें स्नानगृह चालविलें व चौथ्या जॉर्ज राजाच्या पदरीं त्याच कामीं मान मिळविला. आज केस धुण्याच्या साबणास जो 'शांपू' शब्द लावतात तो आमच्या 'चांपणें' याचाच भाऊबंद. उलट आपण ज्यास 'स्पा' म्हणतों तें बेल्जममधील झऱ्यांच्या पाण्याकरितां प्रसिद्ध असलेल्या एका गांवाचें नांव आहे. म्हणजे चांपणें इकडून गेलें आणि स्पा होऊन दुप्पट दरानें परत आलें! मुंबईंत १९०३ सालीं ताजमहाल हॉटेल उघडलें तेव्हां तेथें तुर्की स्नानाची सोय होती. सामान्य माणसाचें तेल मात्र चौपाटीवरच्या मालिशवाल्याच्या बाटलींत असे. १९५७ च्या 'प्यासा' चित्रपटांत जॉनी वॉकर यांनीं असाच एक तेलमालिशवाला रंगविला, तो अजून लोकांच्या स्मरणांत आहे.

आतां हॉटेलाकडे वळूं. तेथें खोलींत येणारा माणूस तीन वाटांनीं येतो. मोठ्या हॉटेलांतून मालिशीचा स्वतंत्र विभाग असतो. त्यांतील पगारी मनुष्य येतो, पैसे खोलीच्या बिलांत लागतात, कांहीं तक्रार असली तर दाद मागण्यास जागा असते. ही वाट महाग परंतु निर्धास्त. मध्यम प्रतीच्या हॉटेलांतून खालच्या मेजावरचा कारकून बाहेरच्या ओळखीच्या माणसास बोलावतो. येथें सगळा भरंवसा त्या कारकुनावर. तिसरी वाट म्हणजे भ्रमणध्वनीवर जाहिरात पाहून आपणच परस्पर कोणास बोलावणें. या तिसऱ्या वाटेनें मुळींच जाऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. अशा जाहिरातींतील फोटो एकाचा, आवाज दुसऱ्याचा आणि पैसे जातात तिसऱ्याच्या खात्यांत. आधीं थोडी आगाऊ रक्कम, मग 'ओळखपत्राचें शुल्क', मग 'परत मिळणारी अनामत', असें करीत करीत हजारों रुपये काढून घेतात व येत कोणीच नाहीं. किंवा येतो तो धमकावण्यासाठीं येतो. अब्रूच्या भीतीनें मनुष्य गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्यावरच हा सारा धंदा चालतो. कोणाचे पैसे असे गेलेच तर लाज न धरतां ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावें. जितकें लवकर कळवावें तितका पैसा मधल्यामध्यें अडविण्याचा संभव अधिक. प्रत्यक्ष दाराशीं कोणी दमदाटी करूं लागला तर ११२.

दुसऱ्या वाटेचा मासला आमच्या घरांतलाच सांगतों. आमचे धाकटे बंधू पत्नीच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठीं रोह्याहून मुंबईस गेले होते. हॉटेलाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. वडखळच्या रस्त्यानें बसलेले हिसके आणि दिवसभर रुग्णालयांतील बांकावर बसणें, यांमुळें त्यांची कंबर धरली. खालीं विचारतां कारकुनानें "आठशें रुपये, तासाभराचें काम" असें सांगून माणूस पाठविला. माणूस हाताचा चांगला होता. मात्र अर्धी पाठ झाल्यावर तो म्हणूं लागला कीं तेलाचे निराळे, डोक्याचे निराळे, पायांचे निराळे. हिशेब तीन हजारांवर गेला. बंधू पालथे निजलेले, अंगास तेल. अशा स्थितींत वाद कसा घालावा? परंतु वहिनी एका डोळ्यास पट्टी बांधून खुर्चींत बसल्या होत्या. त्या शांतपणें म्हणाल्या, "हें पाहा दादा, खालीं आठशें सांगितले ते मीं डॉक्टरांच्या कागदामागें लिहून ठेवले आहेत. त्या मुलालाच वर बोलावूं का?" आणि टेलिफोन उचलला. माणसाचा आवाज उतरला. काम पुरें झाल्यावर तो जें बोलला तें अधिक महत्त्वाचें. म्हणाला, "बाई, आठशांतले चारशें खालीं ठेवून घेतात. मला गाडीभाडें आणि तेल माझेंच. वरचे मागितल्याशिवाय आम्हांला उरतें काय?" वहिनींनीं आठशें बिलांत लावविले आणि शंभर रुपये त्याच्या हातांत निराळे दिले.

या एका प्रसंगांत विचारावयाच्या बहुतेक गोष्टी आल्या. रक्कम किती, त्यांत तेल व कर धरून कीं सोडून, वेळ किती, आणि येणाऱ्यास त्यांतून काय मिळतें, हें आधींच विचारावें व पैसे शक्यतों बिलांतच लावावे. येणाऱ्याचें नांव हॉटेलच्या नोंदवहींत लिहिलें गेलें पाहिजे असा आग्रह धरावा. आपलें ओळखपत्र घेतल्यावांचून खोली न देणाऱ्यांनीं खोलींत पाठविलेल्या माणसाची नोंद ठेवण्यास कां कूं करण्याचें कारण नाहीं. दागिने, पाकीट, भ्रमणध्वनि आधीं कपाटांत कुलपांत ठेवावे. आणि मुख्य म्हणजे घरचें एक माणूस खोलींत असावें. एकट्यानेंच राहणें भाग असेल तर खोलींत बोलावण्याऐवजीं हॉटेलच्या विभागांत खालीं जाऊन मालिश करून घेणें बरें.

घरच्या स्त्रियांसाठीं स्त्रीच यावी हें सांगावयास नको; तसें मिळत नसेल तर तो बेत सोडून द्यावा. पण याची दुसरी बाजू घरोघर क्वचितच बोलली जाते. ती येणारी स्त्रीही कोणाची तरी लेक-सून असते आणि अनोळखी खोलीचें दार ती रोज ठोठावते. कामाच्या ठिकाणीं होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ सालीं जो कायदा झाला त्यांत कामानिमित्त जेथें जावें लागतें ती जागाही कामाचेंच ठिकाण धरली आहे. म्हणजे आपली ती खोली कायद्याच्या दृष्टीनें तिची कचेरी होय. खोलींत एखादी जाऊ-नणंद विणकाम घेऊन बसलेली असली तर निर्धास्तपणा दोघींसही येतो.

आतां प्रकृतीचें. मालिशीनें स्नायूंचा ताठरपणा कांहीं काळ उतरतो, झोंप चांगली लागते, मन हलकें होतें. झिजलेला गुडघा मात्र तिनें भरून येत नाहीं, आणि तसें सांगणाऱ्यावर विश्वास ठेवूं नये. ताप, त्वचेचा संसर्ग, नुकताच मोडलेला हात, ताजी शस्त्रक्रिया असतां मालिश वर्ज्य. रक्त पातळ ठेवण्याचें औषध चालूं असेल तर जोराच्या रगडण्यानें आंत रक्त सांखळतें. अशानें आधीं आपल्या डॉक्टरांस विचारावें. परंतु सर्वांत अधिक धोका आहे तो परदेशाहून परतलेल्या वडील मंडळींस. पंधरा-सोळा तास विमानांत पाय लोंबकळत ठेवून बसल्यावर कधीं कधीं पोटरीच्या खोल शिरेंत रक्ताची गुठळी धरते. एकच पाय सुजतो, पोटरी दुखते, कढत लागते. मनुष्यास वाटतें, प्रवासानें पाय आखडला, जरा चोळून घ्यावा. आणि विमानतळाजवळच्या हॉटेलांत नेमकी तीच सोय हात जोडून उभी असते. अशा पायावर दाब पडला तर गुठळी सुटून फुप्फुसांत जाऊन बसूं शकते, व त्यांत प्राणासही अपाय होतो. एका पायाची सूज दिसली कीं मालिशवाला नको, डॉक्टर हवा, त्याच रात्रीं. पेण-रोह्यास पोंचल्यावर पाहूं, असेंही म्हणूं नये.

दुसरी गोष्ट मानेची. काम संपतां संपतां मान एकदम पिळून कडाड वाजविण्याची हौस पुष्कळांस असते. न्हाव्याच्या खुर्चींतही तीच. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अशा झटक्यानें फाटल्याचीं व त्यांतून पक्षाघात झाल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत. "मान मोडावयाची नाहीं," असें आरंभींच सांगावें. खरें दुखणें असेल तर तें काम पदवीधर फिजिओथेरपिस्टाचें आहे, मालिशवाल्याचें नव्हे.

शूद्रकाच्या मृच्छकटिकांत संवाहक नांवाचें एक पात्र आहे. पाटलिपुत्राच्या एका चांगल्या घरांतला हा मुलगा. अंग रगडण्याची विद्या तो कला म्हणून शिकला आणि पुढें दिवस फिरल्यावर तीच त्याची उपजीविका झाली. चारुदत्ताच्या पदरीं होता तोंवर सुखांत होता. धनी निर्धन झाल्यावर जुगारांत बुडाला, वसंतसेनेनें त्यास सोडविलें, आणि नाटकाच्या शेवटाकडे भिक्षु झालेल्या त्याच संवाहकानें तिचा प्राण वाचविला. शाळेंत हा भाग शिकवितांना मुलें शर्विलकाच्या चोरीवर खूष असत. आम्हांस मात्र संवाहकच अधिक जवळचा वाटे. पेणच्या मूर्तिशाळेंत दिवसभर बैठकीवर बसून कंबर मोडणारा कारागीर आणि दुसऱ्याची कंबर सरळ करणारा हा मनुष्य, दोघेही हाताच्या कसबावर पोट भरणारे.

राहतां राहिल्या बारीकसारीक गोष्टी. हॉटेलच्या पांढऱ्या चादरीस तेलाचा डाग पडला तर त्याचे पैसे मागतात; म्हणून घरून एक जुनी चादर आणि पंचा बरोबर न्यावा. नारळाचें किंवा तिळाचें तेल लहान बाटलींतून नेल्यास उत्तम. परकें सुगंधी तेल म्हाताऱ्या कातडीस सोसेलच असें नाहीं. जेवणानंतर निदान दोन तास जाऊं द्यावे. स्नानास जातांना तळपाय कोरडे पुसूनच न्हाणींत पाऊल ठेवावें, कारण त्या गुळगुळीत फरशीवर तेलकट पाय घसरून खुबा मोडलेली माणसें आमच्या पाहण्यांत आहेत. आणि काम आटोपल्यावर त्या माणसास हात धुण्यास साबण व कढत पाणी द्यावें, बसावयास खुर्ची द्यावी, चहा मागविलाच आहे तर एक कप त्याच्यासाठींही मागवावा.