बेर्कुट (अंतराळ पोशाख)

बेर्कुट हा सोव्हिएत संघात तयार झालेला अंतराळ पोशाख असून यानाबाहेरील पोकळीत वापरला गेलेला तो जगातील पहिला पोशाख होय. १८ मार्च १९६५ रोजी वोस्खोद २ या यानातून बाहेर पडताना अलेक्सेई लिओनोव्ह यांनी तो परिधान केला होता. यानातच थांबलेले पावेल बेल्यायेव्ह यांच्या अंगावरही असाच पोशाख होता. रशियन भाषेत ‘बेर्कुट’ म्हणजे सोनेरी गरुड.

रचना

यूरी गागारिन यांचा पोशाख यानातील हवा निघून गेल्यास जीव वाचावा एवढ्यापुरता होता. त्याच धर्तीवर बेर्कुट तयार करण्यात आला. मात्र त्यावर उष्णतारोधक थर चढवले गेले आणि प्रखर सूर्यप्रकाशापासून डोळ्यांच्या रक्षणासाठी शिरस्त्राणाला गडद झडप जोडली गेली. पाठीवरील संचात सुमारे ४५ मिनिटे पुरेल इतका ऑक्सिजन असे. हा ऑक्सिजन पोशाखातून फिरून शरीराची उष्णता, घामाची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड सोबत घेऊन झडपेवाटे थेट अवकाशात निघून जाई. ही व्यवस्था साधी होती, पण श्रम वाढताच ती अपुरी पडे.

दाबाची अडचण

पोशाखात वातावरणाच्या सुमारे ०.४ पट दाब राखला जाई. बाहेर पोकळी असल्यामुळे एवढ्या दाबानेही पोशाख फुग्यासारखा ताठ होतो आणि प्रत्येक सांधा वाकवताना स्नायूंना त्या दाबाशी झगडावे लागते. लिओनोव्ह सुमारे १२ मिनिटे बाहेर होते. तेवढ्यात पोशाख इतका फुगला, की बोटे हातमोज्यांतून आणि पाय बुटांतून मागे सरकले. यानाला जोडलेल्या ‘वोल्गा’ या फुगवता येणाऱ्या कक्षात पायांकडून शिरण्याचे ठरले होते, ते त्यांना जमेना.

अखेर त्यांनी झडप फिरवून दाब ०.२७ पटीपर्यंत उतरवला. यात मोठा धोका होता. दाब एकाएकी घटल्यास रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. लिओनोव्ह बराच वेळ शुद्ध ऑक्सिजन घेत असल्याने शरीरातील नायट्रोजन पुष्कळसा निघून गेला होता, म्हणूनच हा उपाय निभावला. ते डोक्याकडून आत शिरले आणि बाहेरची झडप लावता यावी म्हणून त्या अरुंद कक्षात त्यांना उलटे वळावे लागले. तोवर ते घामाने निथळत होते.

नंतरचे पोशाख

३ जून १९६५ रोजी जेमिनी ४ यानातून बाहेर पडलेले अमेरिकन अंतराळवीर एड व्हाइट यांच्या पोशाखात दाब मुळातच सुमारे ०.२५ पट होता आणि ऑक्सिजन यानातून नळीने येत असे. तरी वायूने शरीर थंड ठेवण्याची मर्यादा तिथेही उघडी पडली. जून १९६६ मध्ये जेमिनी ९ए मोहिमेत यूजीन सर्नन यांच्या शिरस्त्राणाची काच आतून धुरकटली व त्यांना काम अर्धवट सोडावे लागले. पुढे अपोलो मोहिमांत पाणी खेळवणाऱ्या बारीक नळ्यांचे अंतर्वस्त्र आले.

बेर्कुट यानाबाहेर पुन्हा वापरला गेला नाही. जानेवारी १९६९ मध्ये सोयुझ ५ मधून सोयुझ ४ मध्ये जाताना येलिसेयेव्ह आणि ख्रुनोव्ह यांनी ‘यास्त्रेब’ हा पोशाख वापरला. त्यात ऑक्सिजन बाहेर न सोडता शुद्ध करून पुन्हा वापरला जाई आणि सांधे वाकवणे सोपे जावे म्हणून दोऱ्या व कप्प्यांची योजना होती.