थकलेला खंड आणि कुळाचे हक्क

परतूर तालुक्यातील वाटूरच्या शिवारात, तसेच साऱ्या मराठवाड्यात, दुसऱ्याची जमीन बटाईने किंवा ठोक्याने करणारे शेतकरी पुष्कळ आहेत. व्यवहार बहुधा तोंडी ठरतो व पाडव्याला साल बदलते. कापसाची विक्री लांबली किंवा सोयाबीनला उतारा कमी पडला, म्हणजे खंड वेळेवर देता येत नाही. मग मालक म्हणतो, "दंडासह पैसे दे, नाहीतर शेत सोड." अशा वेळी कायदा काय सांगतो, हे दोघांनाही ठाऊक असणे अगत्याचे आहे.

मराठवाडा हैदराबाद संस्थानाचा भाग होता. त्यामुळे येथे १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम लागू झाला. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. तथापि या भागासाठी तोच कायदा कायम राहिला.

या कायद्याचे मुख्य सूत्र असे की, खंड थकणे म्हणजे जमिनीचा ताबा आपोआप जाणे नव्हे. सरकारसाऱ्याच्या शेवटच्या हप्त्यासाठी ठरलेल्या दिवसापासून पंधरा दिवसांत त्या सालचा खंड न भरल्यास कलम १९ प्रमाणे मालकास वहिवाट संपविण्याचे कारण मिळते. परंतु त्यासाठी त्याने सहा महिन्यांची लेखी नोटीस द्यावयास पाहिजे व तीत कारण नमूद केले पाहिजे. तोंडी ताकीद म्हणजे नोटीस नव्हे.

नोटिशीची मुदत संपली तरी मालकाने स्वतः शेतात औत घालू नये. कलम ३२ प्रमाणे ताबा केवळ तहसीलदाराच्या हुकुमानेच घेता येतो. परस्पर ताबा घेणाऱ्याचे त्या जमिनीतील पीक जप्त होऊ शकते. शिवाय तो खर्चास व शिक्षेस पात्र होतो.

प्रकरण तहसीलदारापुढे गेले म्हणजे कुळास आणखी एक संधी असते. कलम २८ अन्वये तहसीलदार थकबाकी व प्रकरणाचा खर्च नव्वद दिवसांत भरण्यास सांगतो. कुळाने ती रक्कम मुदतीत भरल्यास वहिवाट संपली नाही, असा हुकूम होतो. मात्र तीन वर्षे खंड थकविणाऱ्यास या सवलतीचा भरवसा धरता येत नाही. सवलत अडचणीसाठी आहे, चुकारपणासाठी नाही.

उशिराच्या दंडाविषयीही गैरसमज आहे. करारात मोठा दंड लिहिला म्हणून तो सर्वच्या सर्व वसूल होतो असे नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. तिच्या आत न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते.

मालकांच्या मनात भीती असते की, कागद केला तर जमीन कुळाची होईल. संरक्षित कुळाचा हक्क कलम ३४ मधील जुन्या मुदतीत सलग वहिवाट करणाऱ्यांस मिळाला. आज एक-दोन साले बटाईने शेत केल्याने कोणी संरक्षित कूळ होत नाही. उलट कागद नसल्यामुळे बटाईदार पीकविम्यास मुकतो, आणि मालकापाशीही खंड ठरल्याचा पुरावा राहत नाही.

यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस पुढील गोष्टी समजावून द्याव्यात :

१. करार लेखी करून त्याची नोंदणी करावी. त्यात गट क्रमांक, क्षेत्र, मुदत, खंड व तो देण्याची तारीख स्पष्ट लिहावी. ही तारीख पीक विकून पैसा हाती येण्याच्या सुमाराची ठेवावी.

२. खंड दिल्याबरोबर सहीची पावती घ्यावी. शक्य असल्यास रक्कम बँकेमार्फत द्यावी, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते.

३. उशीर होणार असे दिसताच मालकास लेखी कळवून काही रक्कम तरी द्यावी.

४. मालक पैसे घेण्यास नकार देऊ लागल्यास तसे पोहोच मिळेल अशा टपालाने कळवावे व तहसील कार्यालयात अर्ज करावा.

५. नोटीस किंवा हुकूम हाती पडताच त्यावरील तारीख पाहावी. मुदत चुकली की हक्क दुबळा होतो.

मृग नक्षत्रात तंटा उभा राहिला तर पेरणी हुकते आणि नुकसान दोघांचेही होते. वेळेवर घेतलेली एक पावती असे अनेक तंटे बांधावरच मिटविते.