मिक्सरच्या रबराखालचा बुळबुळीत थर: नुसतं पाणी मारून तो का जात नाही?

आलं-लसणाची पेस्ट, हिरवी चटणी, कबाबचा खिमा, रमजानमध्ये इफ्तारचं सरबत. आपल्या घरात मिक्सर दिवसातून दोन-तीनदा तरी फिरतोच. काम झालं की भांड्यात पाणी घालून एकदा फिरवायचं, विसळायचं आणि झाकण लावून ठेवून द्यायचं, ही बहुतेक घरांतली पद्धत. भांडं आतून स्वच्छ दिसतं. पण झाकणाचं रबर एकदा ओढून बाहेर काढा. त्याच्या खाचेत काळपट, बुळबुळीत थर दिसला, तर तो साधा मळ नाही. तो जिवाणू आणि बुरशीचा थर आहे. शास्त्रज्ञ त्याला 'बायोफिल्म' म्हणतात.

बायोफिल्म म्हणजे काय?

पाण्यात मोकळे फिरणारे जिवाणू ओल्या पृष्ठभागावर चिकटतात. अन्नाचे कण आणि ओलावा मिळाला की त्यांची संख्या वाढते. ई. कोलायसारखा जिवाणू अनुकूल परिस्थितीत साधारण २० मिनिटांत एकाचे दोन होतो. मग हे जिवाणू आपल्याभोवती साखर आणि प्रथिनांचा चिकट पदार्थ तयार करतात. हाताला लागतो तो बुळबुळीतपणा याचाच. हे आवरण त्यांच्यासाठी घरासारखं असतं. पाण्याची धार वरून निघून जाते, साबण आणि जंतुनाशक आतपर्यंत पोहोचत नाही. म्हणून मोकळ्या जिवाणूंपेक्षा थरातले जिवाणू मारणं कितीतरी कठीण जातं.

आपल्या दातांवरचं किटण हीसुद्धा बायोफिल्मच. डच संशोधक लेव्हेनहूक यांनी १६८३ मध्ये ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यातल्या हलणाऱ्या जीवांचं वर्णन केलं होतं. नुसती चूळ भरून दात साफ होत नाहीत, घासावेच लागतात. मिक्सरचंही तसंच आहे.

घरात हा थर कुठे वाढतो?

मिक्सर: झाकणाचं रबर आणि पात्याखालची फट या दोन जागा सर्वात वाईट. अमेरिकेतल्या एनएसएफ इंटरनॅशनल या संस्थेने २०१३ मध्ये घरगुती स्वयंपाकघरांची तपासणी केली. तेव्हा ब्लेंडरच्या रबरावर साल्मोनेला, ई. कोलाय आणि बुरशी आढळली होती. प्रेशर कुकरच्या रबराला दर वेळी जवळपास १२० अंशांची वाफ मिळते. मिक्सरच्या रबराला अशी उष्णता कधीच मिळत नाही.

फ्रिज: दाराचं रबर, भाजीचा ट्रे आणि मागचा पाणी साठणारा ट्रे. थंडीत जंतू मरतात, हा गैरसमज आहे. लिस्टेरिया नावाचा जिवाणू फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतो. बकरी ईदला कुर्बानीच्या गोश्तच्या पिशवीतून पाणी गळून भाजीच्या ट्रेमध्ये साचलं, तर जंतूंना आयतं अन्न मिळतं.

वॉटर प्युरिफायर: नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतूंना रोखून धरतं. प्युरिफायरमध्ये ते निघून जातं. मग टाकीत आणि तोटीत साठून राहिलेल्या पाण्यात थर धरू शकतो. सुट्टीत आठ-दहा दिवस गावी जाऊन आल्यावर ते पाणी आधी ओतून द्या.

डिशवॉशर: गरम पाणी आणि साबणही पुरेसे नसतात. स्लोव्हेनियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये वेगवेगळ्या देशांतले १८९ डिशवॉशर तपासले. त्यातल्या ६२ टक्के यंत्रांत, मुख्यतः दाराच्या रबरावर, बुरशी सापडली.

धोका कोणाला?

धडधाकट माणसाला बहुतेक वेळा काही होत नाही. पण घरात तान्हं बाळ, गरोदर सून, वयस्कर दादा-दादी, मधुमेहाचे किंवा केमोथेरपी चालू असलेले रुग्ण असतात. लिस्टेरियामुळे गर्भपातही होऊ शकतो. सगळ्यात मोठी चूक म्हणजे ज्या भांड्यात कच्चा खिमा फिरवला, त्याच भांड्यात बाळाचं केळं किंवा सरबत फिरवणं. खिमा पुढे शिजतो, त्यातले जंतू मरतात. सरबत आपण तसंच पितो.

मग काय करायचं?

१. कच्च्या गोश्तसाठी मिक्सरचं वेगळं भांडं ठेवा.

२. वापरानंतर लगेच कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून मिक्सर फिरवा. मग पात्याखाली ब्रशने घासा. त्याआधी भांडं मशीनवरून काढलेलं असू द्या.

३. रोज नाही जमलं तरी आठवड्यातून एकदा, आणि कच्चं गोश्त फिरवल्यावर दर वेळी, झाकणाचं रबर काढून जुन्या टूथब्रशने घासा. रबराला चिरा पडल्या असतील तर बदला.

४. भांडं पालथं घालून पूर्ण वाळू द्या. झाकण लावून ओलं ठेवू नका. पावसाळ्यात कोरड्या फडक्याने पुसून घ्या.

५. फ्रिजच्या दाराचं रबर साबणाच्या फडक्याने घड्या उघडून पुसा. गोश्त झाकणाच्या डब्यात, सर्वात खालच्या कप्प्यात ठेवा. तापमान ५ अंशांच्या खाली असू द्या.

६. प्युरिफायरची टाकी आणि फिल्टर कंपनीने सांगितलेल्या मुदतीत साफ करून घ्या.

एक सावधगिरी मात्र हवीच. जास्त स्वच्छता व्हावी म्हणून ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो. शिवाय न घासता वरून ओतलेलं जंतुनाशक थराच्या आत पोहोचत नाही. आधी घासणं, मग धुणं आणि शेवटी वाळवणं, हाच क्रम लक्षात ठेवू या. यासाठी महागडं काही लागत नाही. जुना टूथब्रश, साबण आणि पाच मिनिटं पुरतात. आज मिक्सर वापरून झाला की झाकणाचं रबर तेवढं काढून बघा.