कपाळावरचा उजेड: हेडटॉर्च घेण्याआधी वाचाव्यात अशा १२ भन्नाट गोष्टी

कळसूबाईवरून सूर्योदय पाहायचा तर बारी गाव मध्यरात्रीनंतर सोडावं लागतं आणि वाटेतल्या लोखंडी शिड्यांवर दोन्ही हात कठड्याला लागतात. रात्रीच्या विजेवर उसाला दारं धरणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात फावडं असतं. अशा वेळी मोबाइलचा टॉर्च कामाचा नाही, उजेड कपाळावरच हवा. रिचार्जेबल हेडटॉर्च आता तालुक्याच्या बाजारातही मिळतात. पण खोक्यावरचा कोणता आकडा खरा, कोणता फुगवलेला? चला, एकेक पाहू.

१. हा दिवा शंभरी ओलांडलेला आहे

रिचार्जेबल हेडटॉर्च ही काही मोबाइलच्या जमान्यातली कल्पना नव्हे. कोळशाच्या खाणीत उघड्या ज्योतीने मिथेन पेटून स्फोट व्हायचे, म्हणून १९१४-१५च्या सुमारास थॉमस एडिसन यांनी अमेरिकी खाणकामगारांसाठी विजेचा दिवा तयार केला. बॅटरी कमरेच्या पट्ट्याला, दिवा टोपीवर आणि दोघांच्या मध्ये वायर. पाळी संपली की बॅटरी चार्जिंगला! आज वायर गेली आणि कमरेवरचं ओझं कपाळावरच्या शंभरेक ग्रॅमवर आलं.

२. एका टॉर्चमध्ये दोन नोबेल

पांढरा एलईडी शक्य झाला तो निळ्या एलईडीमुळे. त्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आतल्या लिथियम-आयन सेलच्या पायाभूत कामासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एवढी मोठी विद्या आज काही शे रुपयांत मिळते, म्हणून ती नीट पारखूनच घ्यावी.

३. एक लाख लुमेन? आधी गणित करा

गाडीच्या हेडलाइटमधला साधा एच-४ हॅलोजन बल्ब लो-बीमवर साधारण १,००० लुमेन देतो. म्हणजे ‘१,००,००० लुमेन’ लिहिलेला टॉर्च असे शंभर बल्ब कपाळावर बांधल्याचा दावा करतोय. चांगला एलईडी एका वॉटमागे ढोबळमानाने १०० लुमेन देतो. त्या हिशोबाने लाखभर लुमेनना हजार वॉट लागतील, म्हणजे जवळपास इस्त्रीइतके! असा आकडा छापणाऱ्याच्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवू नका.

४. दुप्पट लांब पाहायचं तर चौपट प्रखर झोत

झोत पसरत जातो, म्हणून अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो. त्यामुळे ५० मीटरऐवजी १०० मीटरवरचं दिसायला प्रखरता चौपट लागते. खोक्यावर ‘झोत १०० मीटर’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थही जाणून घ्या. एफएल-१ या मानकानुसार त्या अंतरावर फक्त ०.२५ लक्स उजेड पोहोचतो, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. तेवढ्या उजेडात काहीतरी हललं हे कळतं, पायाखालचा दगड पारखता येत नाही. रोजच्या वापरासाठी छापलेल्या अंतराचा निम्मा भागच खरा धरा.

५. ‘८ तास चालतो’, पण कसा?

सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट हीच. याच एफएल-१ मानकानुसार टॉर्च किती वेळ चालतो ते मोजायला सुरुवात होते टॉर्च लावल्यावर ३० सेकंदांनी आणि मोजणी थांबते उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर आला की. म्हणजे ४०० लुमेनचा टॉर्च शेवटी ४० लुमेनवर मिणमिणत असला, तरी तो वेळही ‘८ तासां’त धरलेला असतो. शिवाय तापू नये म्हणून बरेच टॉर्च काही मिनिटांतच आपणहून मंद होतात. म्हणून कमाल लुमेन पाहून भुलू नका, मधल्या मोडवर टॉर्च किती तास टिकतो ते विचारा.

६. सेलच्या नावातच त्याचं माप

‘१८६५०’ हा काही गूढ क्रमांक नाही. १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी आणि शेवटचा शून्य गोल नळकांडीचा. २१७०० म्हणजे २१ बाय ७०. या १८६५० मापात आजचे उत्तम सेलही साधारण ३,६०० एमएएचच्या आसपासच थांबतात. तरी बाजारात त्याच मापावर ‘९,९०० एमएएच’ छापलेले सेल सर्रास दिसतात. ते खोटेच, हातात घेतले तर बऱ्याचदा वजनालाही हलके लागतात. एक हिशोब पाठ करून ठेवा: एमएएचला ३.७ने गुणा आणि हजाराने भागा, की वॉट-तास मिळतात. १,२०० एमएएच म्हणजे साडेचार वॉट-तासांच्या आत, म्हणजे ४०० लुमेनवर जेमतेम एक तास.

७. लाल दिवा शोभेचा नाही

अंधारात पाहणाऱ्या डोळ्यांतल्या दंडपेशींना पूर्ण सरावायला अर्धा तास लागू शकतो आणि पांढऱ्या उजेडाचा एक झोत ती सगळी कमाई घालवतो. या पेशी गडद लाल उजेडाला फारशा जुमानत नाहीत. म्हणून आकाशदर्शनाला, तंबूत सामान शोधताना, झोपलेल्यांच्या मधून वाट काढताना मंद लाल मोड लावावा. मात्र त्या उजेडात नकाशावरच्या लाल रेघा दिसेनाशा होतात, हेही ध्यानात असू द्या.

८. गवतात चमकणारे ते थेंब म्हणजे डोळे

पावसाळ्याआधी माळरानावर हेडटॉर्च लावून गवताकडे पाहा. दवासारखे हिरवट-पांढरे ठिपके चमकतील. एकाच्या जवळ जा, वाका. तो थेंब नसतो, तो असतो लांडगा कोळी, तुमच्याकडे रोखून पाहणारा. त्याच्या डोळ्यांमागे आरशासारखा थर असतो, मांजर आणि बिबट्याच्या डोळ्यांत असतो तसाच. हा थर उजेड आला त्याच दिशेला परत पाठवतो, म्हणून दिवा आपल्या डोळ्यांजवळ असेल तरच चमक दिसते. टॉर्च कमरेजवळ धरून पाहिलात, तर तेच गवत निर्जीव वाटेल.

९. धुक्यात टॉर्च कपाळावरून काढा

सह्याद्रीतल्या प्रत्येकाला उपयोगी पडेल अशी युक्ती. ढग धारेवर उतरला की कपाळावरचा झोत समोरच्या थेंबांवर आपटून थेट डोळ्यांत परततो आणि पुढ्यात पांढरी भिंत उभी राहते. मोड वाढवला की भिंत आणखी जाड! अशा वेळी टॉर्च काढून कमरेजवळ धरा, झोत खाली पायवाटेवर सोडा. घसाऱ्याच्या उतरणीवरही हेच करा. उजेड डोळ्यांच्याच रेषेतून पडला की सावल्या दगडांमागे लपतात आणि जमीन सपाट भासते. टॉर्च खाली आणला की प्रत्येक सुटा दगड, प्रत्येक पावठी आपली सावली टाकते आणि पाय कुठे ठेवायचा ते समजतं.

१०. किडे उजेडाकडे ओढले जात नाहीत, ते गोंधळतात

रात्रीचा स्वयंपाक सुरू झाला की किड्यांची झुंबड थेट तोंडावर. २०२४मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या संशोधनाने याचा उलगडा केला: उडणारे कीटक पाठ उजेडाकडे ठेवतात. आभाळ वर असतं तोवर ही सवय त्यांना सरळ उडायला मदत करते, दिवा बाजूला आला की ते त्याच्याभोवती गरगरत राहतात. उपाय सोपा आहे. जास्त उजेडाचा दिवा थोडा दूर टांगा, कपाळावर मंद लाल मोड ठेवा.

११. तुमचा उजेड दुसऱ्याचा अंधार

वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. रात्री घरट्यातून निघालेली पिल्लं समुद्रावरच्या उजळ क्षितिजाच्या दिशेने धावतात, टॉर्चचा झोत त्यांना उलटीकडे नेऊ शकतो. मे-जूनमध्ये भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीला काजवे पाहायला गर्दी लोटते. काजव्यांचं ते लुकलुकणं जोडीदारासाठी असतं आणि पांढरा झोत पडला की हाक ऐकूच जात नाही. तिथे टॉर्च बंद ठेवा, चालण्यापुरता लाल उजेड पायाशी असू द्या.

१२. सहा वेळा चमकवा, मदत मागा

पर्वतांमधला जुना आंतरराष्ट्रीय संकेत: एका मिनिटात समान अंतराने सहा वेळा उजेड दाखवा, मग एक मिनिट थांबा आणि पुन्हा तेच. समोरून मिनिटात तीन चमका आल्या, की तुमची हाक पोहोचली. मोबाइलला रेंज नसलेल्या घळीत हा संकेत जीव वाचवू शकतो. आपल्या ग्रुपमधल्या प्रत्येकाला तो आजच सांगा.

दुकानात जाताना ही चिठ्ठी न्या

- उजेड: चालायला १०० ते २०० लुमेन पुरतात. वाट शोधायला ३०० ते ४०० असावेत.
- रंग: फार निळसर उजेड नको. सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचं माप, ९०च्या आसपास असेल तर उत्तम. वाळल्या पानांत मातकट फुरसं ओळखायला रंग खरे दिसावे लागतात.
- पाणी: आयपीएक्स-४ म्हणजे चारही बाजूंनी शिंतोडे चालतील. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. यातला एक्स सांगतो की धुळीची चाचणी नोंदवलेली नाही. पावसाळी ट्रेकला ७ घ्या आणि चार्जिंगचं रबरी झाकण घट्ट लावा.
- चार्जिंग: टाइप-सी असावं, पण दुकानातच दोन्ही टोकांना सी असलेली केबल लावून बघा. स्वस्त टॉर्चमध्ये दोन छोटे रेझिस्टर गाळलेले असतात आणि मग ते त्या केबलवर चार्जच होत नाहीत.
- सेल: काढता येणारा असेल तर जास्तीचा जवळ ठेवता येतो. विमानात सुटे लिथियम सेल केबिन बॅगेतच न्यावे लागतात.
- लॉक: सॅकमध्ये बटण दाबलं जाऊन टॉर्च रात्रीआधीच संपू नये, म्हणून लॉक हवंच.
- निगा: महिनोन्महिने ठेवायचा असेल तर सेल अर्धा भरलेला ठेवा. हिमालयात शून्याखाली चार्ज करू नका, रात्री सेल स्लीपिंग बॅगमध्ये उबेला घ्या.

माझा कौल स्पष्ट आहे: लाख लुमेनच्या जाहिरातीपेक्षा लाल मोड, लॉक आणि खऱ्या क्षमतेचा सेल असलेला ४०० लुमेनचा साधा टॉर्च केव्हाही सरस. निघण्याच्या आदल्या दिवशी तो पूर्ण चार्ज करा, सोबत छोटा दुसरा टॉर्च घ्या आणि समोर कुणी बोलायला आलं की झोत त्यांच्या डोळ्यांवर न मारता खाली वळवा.