बेटावरचे उंदीर आणि समुद्रातले खुजे मासे

एकाच घरातली दोन मुले. एक ताडमाड वाढतो, दुसरा खुरटा राहतो. मग शेजारपाजारच्या बायका आईला सल्ले देऊ लागतात : दूध वाढवा, तूप घाला, नाहीतर थोडी हवापालट करून आणा. वाढ ही अन्नावर आणि हवापाण्यावर अवलंबून असते, हे आपल्या आज्यांना कोणत्याही विद्यापीठात न जाता ठाऊक होते. माशांच्या बाबतीत मात्र आपण असा विचार करीत नाही. बाजारात मोठासा तांबोसा दिसला की आपण म्हणतो, "चांगला जुना दिसतो हो!" जणू मासा केवळ वयाच्या हिशेबानेच वाढतो.

प्राणिशास्त्र शिकविण्यात माझे आयुष्य गेले आणि ही समजूत मला वर्गातही भेटली व स्वयंपाकघरातही. परंतु खडकांच्या आणि प्रवाळांच्या आश्रयाने राहणाऱ्या कित्येक माशांची लांबी त्यांच्या वयाविषयी फारसे काही सांगत नाही. शेपटीच्या बुडाशी वस्तऱ्यासारखे पाते बाळगणारा 'सर्जन' मासाच घ्या. पहिल्या काही वर्षांत हा भराभर वाढून घेतो आणि पुढे त्याच अंगलटीत तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे काढतो! लग्नातला कोट साठीतही अंगाला बरोबर बसावा, तसाच हा प्रकार.

कानातली रोजनिशी

तुम्ही म्हणाल, मग माशाचे वय कळते तरी कसे? ज्यांनी ढोमा खाल्ला आहे त्यांच्या दाताखाली डोक्यातला पांढरा, टणक खडा केव्हातरी आलाच असेल. तो खडा म्हणजे माशाच्या कानाचा भाग. तोल सांभाळणे आणि ऐकणे ही त्याची कामे. चुन्याचे थर एकावर एक चढून तो मोठा होत जातो, आणि झाडाच्या बुंध्यातल्यासारखी वर्तुळे त्यात उमटतात. १८९९ मध्ये रायबिश या जर्मन शास्त्रज्ञाने ही वर्तुळे मोजून माशांची वये काढली. १९७१ मध्ये पानेला या संशोधकाने तर त्यात रोजचे एकेक बारीक वर्तुळही असते असे दाखवून दिले. म्हणजे प्रत्येक मासा आपली रोजनिशी कानात घेऊनच हिंडत असतो म्हणा ना!

उष्ण समुद्रात कडक हिवाळा नाही, तेव्हा तिथल्या माशांत वर्षाची वर्तुळे उमटणारच नाहीत, असे पुष्कळांना वाटे. त्यावर एक नामी युक्ती निघाली. माशाला टेट्रासायक्लिन हे औषध टोचायचे आणि सोडून द्यायचे. त्या दिवसाचा थर पुढे अतिनील प्रकाशात चमकतो, आणि त्यानंतर किती वर्तुळे वाढली हे मोजता येते. अशा तपासातून प्रवाळांतल्या कित्येक माशांची वर्षेही खात्रीने मोजता येऊ लागली. वय कळले की खरी तुलना करता येते : एकाच जातीचे, एकाच वयाचे मासे, पण राहणार दोन निरनिराळ्या ठिकाणी.

एक समुद्र, दोन प्रकारची बेटे

अशी तुलना हिंदी महासागरात, मालदीवच्या दक्षिणेला असलेल्या चागोस द्वीपसमूहात झाली. तिथल्या काही बेटांवर जहाजांबरोबर उंदीर आले; काहींवर ते कधी पोचलेच नाहीत. नारळाच्या बागांवर राबणाऱ्या रहिवाशांना ब्रिटिश सरकारने १९६८ ते १९७३ या काळात बेटे सोडायला लावली. माणसे गेली, बागा ओसाड पडल्या. उंदीर मात्र राहिले. समुद्रपक्ष्यांची अंडी आणि पिले हेच त्यांचे पक्वान्न.

लँकेस्टर विद्यापीठाचे निकोलस ग्रॅहॅम आणि त्यांचे सहकारी यांनी बारा बेटे पाहिली. सहा उंदरांची, सहा बिनउंदरांची. त्यांचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. बिनउंदरांच्या बेटांवर पक्ष्यांची दाटी ७६० पट अधिक होती. हे पक्षी दूरदूरच्या समुद्रातून मासे खाऊन विश्रांतीला बेटावर येतात आणि त्यांच्या विष्ठेतून जमिनीला नायट्रोजनचे खत मिळते. ते तिथे २५१ पट अधिक पडत होते. पाऊस ते धुऊन किनाऱ्यालगतच्या पाण्यात नेतो. पक्ष्यांच्या खतातल्या नायट्रोजनची एक वेगळी ओळख असते. ती ओळख बेटाच्या मातीत, झाडांच्या पानांत, पाण्यातल्या स्पंजांत, शेवाळात आणि अखेर माशाच्या मांसातही सापडली.

तो मासा कोणता? बोटभर लांबीचा एक डॅमसेल मासा. हा पक्का शेतकरी आहे. प्रवाळाच्या खडकावर शेवाळाचा लहानसा तुकडा राखतो, नको ते शेवाळ उपटून टाकतो, आणि आपल्याहून मोठा मासा बांधावर आला तरी त्याच्या अंगावर धावून जातो. शेत सोडून तो फारसा कुठे जात नाही. म्हणूनच जागेचा आणि अन्नाचा परिणाम त्याच्यावर स्वच्छ दिसतो. कानातले खडे तपासले तेव्हा आढळले की, पक्ष्यांच्या बेटाजवळचा मासा भराभर वाढतो आणि उंदरांच्या बेटाजवळच्या आपल्या समवयस्काहून मोठा असतो. जात तीच, धंदा तोच; फरक फक्त शेताला मिळणाऱ्या खताचा. २०२३ मध्ये आणखी एक गोष्ट उजेडात आली. उंदरांच्या बेटाजवळ या माशाला पोटापुरते मिळवण्यासाठी मोठे शेत राखावे लागते, आणि निकस शेतासाठी तो भांडतोही कमी!

पोपटमाशांची मशागत

हा प्रश्न एका बोटभर माशाचा असता तर मी तुमचा वेळ घेतला नसता. पक्ष्यांच्या बेटांजवळ सगळ्या माशांचे मिळून वजन जवळजवळ दीडपट भरले. पोपटमासे आणि त्यांच्यासारखे शेवाळ खाणारे मासे खडक खरडून साफ करतात. हे चरण्याचे काम तिथे तिपटीहून अधिक चालत होते. खडक साफ असेल तर प्रवाळाचे नवे पिल्लू त्यावर चिकटू शकते. समुद्र तापला की प्रवाळ पांढरे पडून मरतात. २०१६ मध्ये चागोसला आणि आपल्या लक्षद्वीपलाही तो तडाखा बसला. अशा वेळी पुन्हा उभे राहण्याची ताकद या मशागतीवर अवलंबून असते.

समुद्राचे तापणे एका गावाने किंवा एका देशाने थांबणार नाही. बेटावरचे उंदीर मात्र काढता येतात. चागोसमधल्या व्हाश मरीन या लहानशा बेटावरून ते २०१४ मध्ये काढलेही गेले.

आपला संबंध काय, असे कोणी विचारील. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस ही समुद्राखालच्या एकाच डोंगररांगेची शिखरे आहेत. लक्षद्वीपमधले पिट्टी हे निर्जन बेट समुद्रपक्ष्यांसाठी राखून ठेवले आहे, आणि आपल्या वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवरही सुरय पक्षी अंडी घालतात. या सुट्टीत होडीने अशा एखाद्या बेटाजवळ जाणारी मंडळी पुष्कळ असतील. पक्षी घरट्यावर असतील तर होडी दुरूनच फिरवावी. आणि जिथे उतरण्याची मोकळीक असेल तिथे फराळाच्या डब्यातले उरलेसुरले टाकून न देता परत आणावे. उंदराला बेटावर नेण्यास एक होडी पुरते, आणि त्याला तिथे टिकवून धरायला आपले खरकटे.