मुसाफिराचा हक्क

हिंदमाता म्हटले की मुंबईकरांना पावसाळ्यात तुंबणारे पाणी आठवते. पण परळची टाटा, केईएम आणि वाडिया रुग्णालये इथून जवळच आहेत. 2020 च्या टाळेबंदीत परगावचे कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक इथल्याच उड्डाणपुलाखाली राहत होते.

मुलांच्या ल्युकेमियावरील उपचार दोन-अडीच वर्षे चालतात. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटतात. अशा लेकराला फुटपाथवर झोपवणे म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण. भाडे परवडत नाही म्हणून काही आईबाप उपचार अर्धवट सोडून गावी परततात आणि बरा होऊ शकणारा आजार हाताबाहेर जातो. खोली हेही औषधच, असे आम्ही मानतो.

दादर पूर्वेची गाडगे महाराज धर्मशाळा अशा कुटुंबांना आसरा देते. सेंट ज्यूड संस्था 2006 पासून कर्करुग्ण मुलांना आईवडिलांसह मोफत ठेवते.

आपल्याकडे मुसाफिरखान्यांची परंपरा आहेच. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दिक मुसाफिरखाना हाजींनी गजबजलेला असे. जकातीच्या आठ हक्कदारांत मुसाफिरही आहे, मग गावी त्याची जमीन का असेना! इमारत बांधायला जकात चालते का, यावर उलेमांत मतभेद आहेत. मात्र भाडे, रेशन, टॅक्सी यांचे पैसे गरजू आईच्या हाती देता येतात. सदका तर बारमाही. कोणाला गरज आहे, हे रुग्णालयातील समाजसेवकांना विचारावे. रमजानची वाट कशाला पाहायची?